अक्काला आणायची गाडी

बायकोला घरी आणायला लोक बैलगाडीतून गेले, घोड्यावरून गेले, आणि अगदीच जमलं नाही तर पोस्टकार्ड टाकून वाट बघत बसले. पण बायकोला आणायचं म्हणून आधी मोटार बांधायला घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तिच्यामागून म्हणायची सवय मला एकंदरीतच आहे. दाजींची बायको, म्हणजे आमची अक्का, काही रुसून गेली नव्हती. मुलाला पुण्यात नोकरी लागली, सूनही नोकरीवाली मिळाली, नात झाली, तेव्हा ‘सहा महिने बघते न् येते’ असं सांगून ती गेली. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची पाच झाली. रविवारी फोन यायचा आणि फोनवर कारण एकच, “येईन हो, पण मला बस लागती ना!” कारण खोटं नव्हतं. अक्काला बस इतकी लागायची, की आमच्या डेपोतून गाडी बाहेर पडायच्या आत तिचं अर्धं लिंबू संपलेलं असायचं. डेपोवरून नुसतं चालत गेली तरी पदर नाकाला. त्यात तेव्हा आमच्याकडची रेल्वेची छोटी लाइन उखडून मोठी टाकायचं काम निघालेलं. पूर्णा जंक्शनपर्यंत रेल्वेनं आलं तरी पुढं आमच्या हिंगोलीपर्यंत बसच. काळीपिवळी जीप होती, पण तिच्यात तर न लागणाऱ्यालाही लागतं. शेवटी एका रविवारी दाजींनी फोनवर सांगून टाकलं, “बस लागती ना? मंग थांब तू. मोटार घिऊन येतो.” आणि फोन ठेवून माझ्याकडं वळून म्हणाले, “साडूभाऊ, मोटार कुठं भेटंल?”

दाजी मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या शेतमालाच्या बाजारात, मापाडी होते. हळदीचा ढीग पोत्यात भरायचा, पोतं काट्यावर चढवायचं, वजन पुकारायचं आणि पुढचं पोतं ओढायचं, यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळं वस्तू हातात आली की ती तळहातावर तोलायची आणि वजन सांगायचं, ही खोड त्यांच्या अंगात मुरलेली. नारळ, चप्पल, शेजाऱ्यांचं तान्हं लेकरू, काहीही. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी मला काखेत हात घालून जरासं उचललं, खाली ठेवलं आणि निकाल दिला, “छप्पन किलो. पन बारदानासकट.” सासरी मला अजून काही लोक त्या वजनावरून ओळखतात. दुसरी गोष्ट म्हणजे रंग. इतकी वर्षं हळदीत काढल्यामुळं दाजींचे हात, कानाच्या पाळ्या, धोतर, टोपी, इतकंच काय पण डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा मला पिवळसर वाटायचा. पुतण्याच्या लग्नात नवरीकडच्या एका म्हातारीनं, हा हळद लागलेला माणूस म्हणजेच नवरदेव असं समजून, आपल्या कपाळाला हात लावला होता. आणि तिसरी, या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी असलेली बाब अशी की दाजींचं नाक गेलेलं होतं. हळदीच्या धुरळ्यानं त्यांना कशाचाच वास यायचा नाही. दूध करपलं, गटार तुंबलं, शेजारी उंदीर मेला, दाजी आपले खुशाल जेवत बसलेले. आता, बस लागते ती डिझेलच्या आणि पेट्रोलच्या वासानं, हे अक्काचं म्हणणं. म्हणजे ज्या माणसाला वास येत नाही, त्या माणसाला वास न येणारी गाडी बनवायची होती. ब्रह्मदेवालाही विनोद करायला माणूस सापडला तो आमच्याच नात्यातला.

गाडी सापडली नरसीच्या रस्त्याला, एका बड्या शेतकऱ्याच्या गोठ्यात. अँबॅसिडर. मूळचा रंग पांढरा असावा, असं मालक म्हणाला. पुरावा काही नव्हता. पुढच्या बंपरला वासरू बांधलेलं, टपावर कडबा रचलेला आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. दाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डला हात लावून ती जराशी हलवून बघितली आणि माझ्या कानात म्हणाले, “वजनाला पक्की हाय.” मालकानं मोडीच्या भावात देऊन टाकली, गोठ्यातली जागा मोकळी झाली याचाच त्याला आनंद. पण गाडी आणायची कशी? इंजिन होतं, पण ते नुसतं होतं. मग बैलजोडी जुंपली. दाजी आत स्टिअरिंगशी, गडी बैलांपुढं, आणि मी मागून ढकलतोय असं दाखवत चाललेला. वाटेत नरसीला नामदेवाच्या दर्शनाला आलेल्या बायाबापड्यांनी हे काहीतरी पालखीसारखं प्रकरण आहे असं समजून बॉनेटला हळदकुंकू वाहिलं. हिंगोलीत शिरल्यावर पोरं मागं लागली. घरी येऊन बघतो तर कोंबडी आतच. अंड्यांवरून ती काही उठली नव्हती. दुसऱ्या दिवशी मालक सायकलवर आला आणि म्हणाला, “गाडी इकली म्या, कोंबडी न्हाई इकली.” दाजींनी कोंबडी तळहातावर तोलली आणि वजन सांगून त्याच्या स्वाधीन केली. कोंबडी वजनात घटली नाही, अशी बिचाऱ्या मालकाचीही खात्री पटली.

स्टेशनरोडच्या मिस्त्रीला एकदा बोलावून आणलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत बराच वेळ बघितलं, मग दाजींकडं बघितलं, आणि म्हणाला, “चाचा, इसको खोलो मत. खोलोगे तो ये गाडी नहीं रहेगी.” दाजींनी त्याच दुपारी खोलायला सुरुवात केली. मिस्त्रीला रोज बोलावणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि दाजींचं म्हणणं असं, की जे माणसानं जोडलंय ते माणसाला सुटतंच. त्यांची पद्धत मात्र दुनियेवेगळी. गाडीचा एकेक भाग सुटला की आधी काट्यावर. मग गंज खरवडायचा, रॉकेलनं धुवायचा आणि परत काट्यावर. “पावणेदोन किलो नुसता गंज, साडूभाऊ!” असं सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू गाडीच्या पोटातला दगड काढलाय. आणि धुतलेले भाग ते अंगणात पोत्यांवर पसरून उन्हात घालायचे. उकडलेली हळद वाळत घालतात तसे, पातळ थरात. दुपारी उठून पायानं उलथायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून विचारायची, “काय वाळू घातलं मापाडी?” “मोटार,” दाजी म्हणायचे. आता नट-बोल्ट इतके, की एकेक घासायचा तर जन्म पुरायचा नाही. त्यावर दाजींनी जे केलं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. वाळलेली हळद चकचकीत करायला मोठा जाळीचा ड्रम असतो. त्यात हळकुंडं टाकून ड्रम फिरवला, की ती एकमेकांवर घासून सोन्यासारखी पिवळी निघतात. दाजींनी ओळखीच्या ड्रमवाल्याकडं जाऊन सगळे नट-बोल्ट त्यात टाकले आणि ड्रम फिरवायला लावला. आवाज असा झाला, की मोंढ्यातली दोन माणसं भूकंप म्हणून बाहेर पळाली. पण बोल्ट काय निघाले म्हणता! लखलखीत, आणि पिवळेधमक. दोन-चार मात्र ड्रमच्या कोपऱ्यात राहिले आणि पुढच्या शेतकऱ्याच्या हळदीत गेले. तो माल सौद्याला निघाला, व्यापाऱ्यानं नेहमीच्या सवयीनं हळकुंड समजून दातानं मोडून बघितलं. त्या व्यापाऱ्याचा दात आणि दाजींची त्याच्याशी असलेली मैत्री, दोन्ही एकदमच हलले.

हे सगळं हसण्यावारी न्यायला बरं. पण संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो की एक गोष्ट मला दर वेळी दिसायची. चुलीवर, म्हणजे गॅसवर, मोठ्या पातेल्यात खिचडी. मोंढ्यात ज्याच्या मापाला कुणी नावं ठेवली नाहीत, त्या माणसाला एका माणसाची खिचडी मापता येत नव्हती. मूठभर तांदूळ घ्यायचे, बघायचे, कमी वाटायचे, अजून मूठभर. शेवटी चार माणसांची व्हायची. मग ते डबा घेऊन आमच्याकडं यायचे, “सहज आलो, उरली होती,” म्हणत. माझी बायको आत जाऊन पदरानं डोळे पुसायची आणि बाहेर येऊन, “दाजी, मीठ किती पडलंय हो!” म्हणून ओरडायची. रविवारी फोनची वेळ झाली की दाजी टोपी घालायचे. फोनवर बोलायला टोपी कशाला, असं मी एकदा विचारलं. “उघड्या डोक्यानं कसं बोलावं?” म्हणाले. बोलणं मात्र सगळं गाडीचं. आज दरवाजा बसवला, आज काच वरखाली होऊन राहिली. तिकडून अक्का काय म्हणायची कोण जाणे. दाजी “व्हय, व्हय” करत राहायचे, आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ फोनकडं बघायचे, काट्याचा काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे.

इंजिन एकदा मिस्त्रीच्याच हातानं सुरू झालं. (त्यानं कानाला हात लावून अल्लाचं नाव घेतलं, ते कौतुकानं की भीतीनं, मला कळलं नाही.) आणि मग आमच्या घराची परीक्षा सुरू झाली. दाजींना वास येत नसल्यामुळं त्यांना नाक उसनं हवं होतं, आणि तेही नुसतं नाक नाही, गाडी लागणारं नाक. “बहिनीबहिनीला सारखंच लागतं,” असा सिद्धान्त मांडून त्यांनी माझ्या बायकोला मुक्रर केलं. तिलाही बस लागते. अक्काएवढी नाही, पण नाव काढण्याजोगी. दर रविवारी सकाळी दाजी दाराशी, “चल ग धाकले, बसून दाव.” ती मागच्या सीटवर बसायची, दाजी आरशात तिच्या तोंडाकडं बघत, मान वाकडी करून, मोंढ्यातल्या ट्रकवाल्यांकडून शिकून घेतलेल्या हातानं गाडी चालवायचे, आणि मी पुढच्या सीटवर बसून आम्हा तिघांच्या जिवासाठी औंढ्याच्या नागनाथाला साकडं घालायचो. पहिल्यांदा गावाच्या कमानीपर्यंतसुद्धा पोहोचलो नाही. दाजींनी परत येऊन पेट्रोलची नळी बदलली. पुढच्या वेळी कमानीच्या पुढं गेलो. मग टाकीचं झाकण. मग मागच्या सीटखालची भोकं बुजवली. असं करत करत माझ्या बायकोची मळमळ रविवारी रविवारी नरसीच्या दिशेनं सरकत चालली. “आज कुठपस्तोर?” शेजारी विचारायचे. जणू रेल्वेची मोठी लाइन चाललीय.

नरसीपर्यंत निभावलं, तेव्हा दाजी खूश होऊन म्हणाले, “आता सीट करू.” सीटमध्ये कोंबडीचा संसार झालेला, आतलं सगळं काढून टाकलेलं होतं आणि इतके दिवस आम्ही फळीवर चादर टाकून बसत होतो. नवा फोम घ्यायचा म्हणजे खर्च. दाजींनी मोंढ्यातून जुनं बारदान आणलं, रिकामी पोती घडी करून करून भरली, वरून रेक्झिन शिवलं. बसायला राजाची गादी! त्या रविवारी आम्ही औंढ्याला निघालो. औंढ्यापर्यंत न लागता गेली तर पुण्याला जायचं, असं ठरलेलं. गावाबाहेरच्या पहिल्या खड्ड्यात गाडी आदळली, सीट दबली, आणि मागून बायको शिंकली. दुसऱ्या खड्ड्यात मी शिंकलो. मग जे सुरू झालं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि प्रत्येक खड्ड्याला नवा भपकारा. पोती मिरचीची होती! दाजींनी ती वजनावर निवडली होती. वासावर निवडणार कोण? ते आपले शांतपणे गाडी चालवत होते आणि आरशात बघून म्हणत होते, “काहून रडून राहिली ग? अक्काची आठवन आली का?” बायकोला एवढं हसू आलं, की ती शिंकणंही विसरली. पण खरी गंमत ही, की त्या शिंकांच्या नादात आम्ही औंढ्याच्या देवळासमोर येऊन थांबलो तरी तिला मळमळलं नव्हतं. दाजींनी मात्र तो निकाल धरला नाही. “ह्ये माप खरं न्हाई,” म्हणाले. सगळी पोती काढून हळदीची भरली आणि पुढच्या रविवारी परत नेलं. औंढ्याला बायको गाडीतून उतरली, देवळाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं कोरडा रुमाल दाजींपुढं फडकवला. दाजींनी टोपी काढून आधी देवाला आणि मग गाडीला नमस्कार केला.

पुण्याला मीच सोबत गेलो. जिंतूर, जालना, नगर असे आम्ही कुठं गाडीनं तर कुठं गाडीच्या मर्जीनं गेलो. तिकडच्या बिल्डिंगच्या दारात वॉचमननं आम्हाला भंगारवाले समजून मागच्या बाजूला पाठवलं. अक्का नातीचा हात धरून खाली आली. गाडीभोवती सावकाश फिरली. बोल्टाला बोट लावून बघितलं.

“ह्ये पिवळं काहून हो?”

“पालिस केलंय,” दाजी म्हणाले. “बस की.”

नात आधी बसली. “आजोबा, ह्याच्यात एसी कुठंय?”

“काच खाली कर, तिथंच हाय.”

अक्का मागं बसली, दार ओढून घेतलं, पदर सवयीनं नाकाकडं नेला आणि तसाच थांबवला. मग पदर हळूच खाली आला. “हळदीचा वास येऊन राहिला,” ती म्हणाली. “मोंढ्यात बसल्यावानी वाटतं.” दाजींना तो वास येत नव्हता. पण त्यांनी मान अशी हलवली, की जणू सगळ्यात आधी त्यांनाच आला.

नातीला उन्हाळ्याची सुट्टी होती. त्या सुट्टीत अक्का आली. पुण्याहून हिंगोलीपर्यंत, एक लिंबूसुद्धा न चोखता. दाजींनी मुद्दाम गाडी बाजारातून, मोंढ्यातून, डेपोसमोरून नेली आणि डेपोसमोर जरा जास्तच हळू केली. पुढचे दिवस त्या घरात पातेलं बरोब्बर मापाचं चढायला लागलं. दाजी दाढी रोज करायला लागले. गल्लीतली पोरं आणि नात, सगळ्यांना घेऊन गाडी रोज संध्याकाळी नरसी फाट्यापर्यंत. एक दिवस दाजी बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी आवळत होते, आणि ओसरीवर माझ्या बायकोनं विषय काढलाच, “अक्का, आता गाडी लागत न्हाई. आता राहा की.”

अक्का शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “मला काय जायची हौस हाय व्हय? सून सकाळी अंधारात भाईर पडती. पोरीला शाळेतून आनायला कोन हाय?” एक किडकी शेंग बाजूला टाकून म्हणाली, “बस लागती म्हनलं की कोनालाच वाईट वाटत न्हाई. ना इकडं, ना तिकडं.”

बॉनेटखालचा पाना जरा वेळ थांबला. मग परत आवळायला लागला. दाजींचं नाक गेलं होतं, कान नाही.

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी सकाळी सामान बाहेर आलं, तेव्हा मी दाजींना बाजूला घेतलं. मला गाडीतलं काही कळत नाही, पण तार उपटली की गाडी चालू होत नाही एवढं कळतं. म्हटलं, “दाजी, एखादी वायर ढिली करा ना. दोन दिवस तरी राहतील. कुणाला कळतंय?” दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा छप्पन किलोचा झालो. “चाळीस वर्षं काट्याला बोट लावलं न्हाई,” म्हणाले, “आता बायकूसाठी लावू व्हय?” आणि जाऊन स्टिअरिंगशी बसले. एरवी ती गाडी मी, बायको आणि गल्लीतल्या पोरांनी फाटकापर्यंत ढकलल्याशिवाय हुंकार देत नसे. आम्ही बाह्या सावरून मागं उभे राहिलोसुद्धा. दाजींनी चावी फिरवली आणि पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. अगदी गोड, एकसारखं. ढकलायला लावलेले आमचे हात तसेच राहिले आणि गाडी त्यांच्यातून निघून गेली.

पाचसहा दिवसांनी दाजी परतल्याचं कळलं, म्हणून मी गेलो. अंगणात गाडी उभी, मागचं दार उघडं, आणि दाजी मागच्या सीटच्या कडेला पाय खाली सोडून बसलेले. मी शेजारी टेकलो.

“अक्का कशी गेली?”

“बराबर. जातानाबी लागली न्हाई तिला.” मग समोरच्या भिंतीकडं बघत, “नगरच्या पुढं गाडी थांबवली म्या. म्हनलं, मळमळत असंल तर सांग, लाजू नको. माघारी फिरू, मंग बघू. तर न्हाई म्हनली. एकदम बरं वाटून राहिलं, म्हनली.”

आजवर त्या गाडीत मी आपखुशीनं कधी बसलो नव्हतो. उठलो, पुढचं दार उघडलं, आत बसलो आणि म्हणालो, “चला दाजी, एक चक्कर मारून येऊ.”

“कुठं जायचं?”

“कुठंबी.”

दाजींनी घरात जाऊन टोपी आणली.